आप्पांचे हात आणि रबराची चकती

तीर्थरूप ताईस,

बरेच दिवस गाडीखाली आडव्या पडलेल्या धाकट्याचा नमस्कार. (आडवाच असल्यामुळे तो साष्टांग आहे असं धरून चालायला हरकत नाही.) इकडे सगळं ठीक. तुझी पाठ कशी आहे? भावोजी अजून डॉक्टरांनाच औषधं सुचवतात का? आईचा गुडघा तक्रार करतो, पण आईइतकी नाही.

विषय आप्पांच्या जुन्या पिकअपचा. मागच्या खेपेला तू आप्पांशेजारी बसून बाजारात निघालीस, आणि गाडी सरळ रस्ता सोडून फुलवाल्याच्या बादल्यांची विचारपूस करायला गेली. घरी येऊन तू जाहीर केलंस की आप्पांचे हात आता भरवशाचे राहिले नाहीत, त्यांनी गाडी चालवायची नाही. तू थोरली, तुझ्या शब्दापुढे आपल्या घरात कोण जातंय?  आप्पा भांडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त रोज दुपारी जेवण झालं की अंगणात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसायचे. काच खाली, कोपर बाहेर, हात स्टिअरिंगवर, आणि समोर कंपाउंडची भिंत. त्या भिंतीतून ते कुठवर जाऊन येत होते कोण जाणे, पण चहाला उतरायचे तेव्हा लांबून आल्यासारखे दमलेले असायचे.

अशाच एका दुपारी आईचा लोकरीचा गुंडा घरंगळत गाडीखाली गेला आणि तो काढायला मी आत शिरलो. वर आप्पा आपल्या तंद्रीत स्टिअरिंग सावकाश इकडून तिकडे फिरवत होते (बहुधा घाट लागला असावा). मी सहज वर पाहिलं. स्टिअरिंगकडून येणारा दांडा फिरत होता आणि त्याने ज्याला फिरवायचं तो खालचा दांडा ढिम्म. बऱ्याच वेळाने, कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटून, तोही जरासा हलला. दोघांच्या मध्ये जोड म्हणून एक रबराची चकती असते. तिच्या पार चिंध्या झाल्या होत्या आणि बोल्टांची भोकं फाकली होती. वरून आलेला निरोप खाली पोचवायच्या आधी ती एक डुलकी काढत होती.

मी आप्पांना हाक मारली. ते उतरले, वाकले, आणि चकतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं होतं, हातच गेले.” एवढंच. ताई, मी गाडीखाली होतो म्हणून बरं, डोळ्यात माती गेली असं सांगता आलं.

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात नवी चकती मिळाली. जोड सोडण्याआधी दोन्ही दांड्यांवर खुणा करायच्या असतात, म्हणजे परत बसवताना ते होते तसेच जुळतात. मी खडूने सुरेख खुणा केल्या आणि बोल्ट काढले. पण गाडीखाली दुपारी काय सुख असतं तुला सांगून कळणार नाही. गार जमीन, ग्रीसचा वास, चाकांच्या मधून दिसणारा उन्हाचा पट्टा आणि त्यात तरंगणारी धूळ. चकती छातीवर ठेवून मी कधी झोपलो कळलंच नाही. स्वप्नात रस्ता पाण्याचा होता, गाडीला स्टिअरिंगच नव्हतं, आणि डावीकडे असं नुसतं मनात आणलं की ती वळत होती. तेवढ्यात आईने गाडी पुसायला घेतली. (तिला उभी वस्तू दिसली की आधी धूळ दिसते.) स्टिअरिंग चहूबाजूंनी पुसता यावं म्हणून तिने ते गरगर फिरवलं, आणि बॉनेट उघडंच आहे म्हणून आतला खडूही स्वच्छ पुसून काढला. मी जागा झालो आणि मोठ्या विश्वासाने सगळं आवळून टाकलं. चाकं सरळ, स्टिअरिंग उलटं. आता मी शीर्षासन करून चालवू का, असं आप्पांनी अगदी शांतपणे विचारलं.

शेवटी तेच खाली आले. आम्ही दोघं शेजारी शेजारी उताणे पडलो. त्यांनी सगळं परत सोडलं, डोळे मिटून नुसत्या बोटांनी दांड्याची जागा चाचपली, चकती बसवली आणि एकेक बोल्ट आलटून पालटून आवळला. मी त्यांच्या हातांकडेच बघत होतो. जरासुद्धा थरथरले नाहीत. काम संपल्यावर आम्ही बराच वेळ तिथेच पडून होतो, कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.

तेव्हा विनंती अशी की तुझा हुकूम थोडा सैल कर. फार नाही, आप्पांना कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ दे. तुझ्या परवानगीशिवाय आम्ही गाडी फाटकाबाहेर काढणार नाही.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. गाडी फाटकाबाहेर काढली आहे. कोपऱ्यापर्यंतच जायचं होतं, पण तिथून पुढेही रस्ता होता. आई मागे हौद्यात गादीवर बसून विणत आली.

ता. क. पाकिटाला तिकीट नाही, कारण ते तुझ्या दाराच्या फटीतून मीच आत सरकवलंय. आणि हे सबंध पत्र मी चालत्या गाडीत, आप्पांच्या शेजारी बसून लिहिलंय. परत एकदा चाळून बघ, कुठे एक तरी ओळ वाकडी गेली आहे का.

ता. क. आप्पा खाली गाडीतच बसलेत. तू सांगितल्याशिवाय उतरणार नाही म्हणतात. उत्तर लिहीत बसू नकोस, खाली ये.