सात दिवस चाललेल्या संगणकापायी शिक्षिका अतिरिक्त ठरल्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती (शिक्षण विभाग)

विषय : संगणकाला श्रेय देऊन काढलेला समायोजनाचा आदेश मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश दि. ११/०४/२०१६.

महोदय,

अर्जदार पंचशीला साहेबराव गजभारे, सहशिक्षिका, जि. प. प्राथमिक शाळा, मौजे तळेवाकडी, सविनय कळवते की,

१. ‘वाचनदीप’ या संशोधनासाठी शाळेस चार संगणक मिळाले. प्रत्येक मुलाने शाळेचे नव्वद दिवस, रोज चाळीस मिनिटे, हेडफोन लावून त्यावर वाचायचे व तशी नोंद वहीत करायची, असा नियम होता. संगणक चालले सात दिवस. आठव्या दिवशी वीज गेली. ती परत येईतो दुष्काळामुळे त्या खोलीत पाण्याची पिंपे ठेवण्याचा ठराव झाला होता.

२. अर्जदाराने वहीत सातच दिवस लिहिले. प्रकल्पाचे सहायक श्री. श्रीमंत यांना ते रुचले नाही. “मॅडम, नव्वदच्या नव्वद भरून टाका, वरून लई विचारून राहिलेत. उद्या आपल्या भागाचा नवा जिल्हा झाला की त्यात तुमचीच शाळा आदर्श,” असे म्हणून त्यांनी तीन रंगांचे पेन काढले आणि उरलेले त्र्याऐंशी दिवस चहा निवायच्या आत भरले. त्या भरात त्यांनी रविवार सोडले नाहीत, संक्रांतही सोडली नाही.

३. मुले वाचायला शिकली, हे मात्र खरे. ती टँकरच्या रांगेत घागरी राखत बसत, म्हणून अर्जदार खडू-फळा घेऊन तिथेच जाई. घागरींवर रंगाने घातलेली नावे हेच पुस्तक. ‘गुणाबाई’वरून उकार, ‘सिद्धेश्वर’वरून जोडाक्षर. नाव चुकीचे वाचले की पाणी भलत्याच घरी जाते आणि पाठीत धपाटा बसतो. इतकी कडक चाचणी कोणत्याही संशोधकाने घेतलेली नाही.

४. अहवालात आले की छत्तीसपैकी चौतीस मुले वाचतात, आणि ही किमया संगणकाची. संगणक शिकवतो म्हणून अर्जदार अतिरिक्त, व समायोजन म्हणून बदली पार हिमायतनगर तालुक्यात! आयत्या बिळावर नागोबा असतो हे ठाऊक होते. त्याला वीजही लागत नाही, हे नव्याने कळले. अर्जदारास संताप आला आहे, आणि ही मुले सोडायच्या विचाराने रडूही येते. दोन्हींसाठी अर्जाच्या नमुन्यात रकाना नाही.

५. सदर आदेश शाळेत आला तेव्हा दुसरीतल्या दानम्माने तो हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. कुठे अडखळली नाही. फक्त ‘अतिरिक्त’ म्हणजे काय, एवढे तिने विचारले. अर्जदाराने अद्याप सांगितलेले नाही. ते आपण स्वतः येऊन वर्गासमोर सांगावे, अथवा आदेश मागे घ्यावा, ही विनंती.

आपल्या कार्यालयाच्या हिशेबी जास्तीची,
(सही)
पंचशीला सा. गजभारे
दि. १८/०४/२०१६

सोबत : नोंदवहीची प्रत (तिन्ही रंग दिसावेत म्हणून रंगीत झेरॉक्स).