पाटावरचा अग्निबाण

८ नोव्हेंबर १९४५
शेजारच्या मधूची पहिली चाचणी झाली! पेपरात जर्मनांच्या अग्निबाणाचं वाचल्यापासून या मास्तरांचं शाळेत लक्षच नाही. त्रिपुरी पौर्णिमेला देवळासमोर स्वतःचा बाण सोडणार. पण आधी म्हणे तो जमिनीवर बांधून पेटवायचा, जोर बघायचा. आमच्या परसात आमचाच पाट, त्यावर बाण आडवा बांधलेला, वर वजनाला आमचाच पाटा-वरवंटा! पाट जागचा हलला नाही. मधू खूश.

११ नोव्हेंबर
दुसरी चाचणी. कडावहून दूध घालायला येणारा हिरामण म्हणाला, "मास्तर, ह्यो बान हाय का बैल? बांदूनच ठेवताय! सोडा की कंदी तरी."
खूप हसले. मग हसू आटलं. माझंही तेच की! आमच्या लग्नाचं 'तुझ्या बाबांना विचारतो' असं मधूचं दसऱ्यापासून चाललंय. "जरा तयारी होऊ दे, प्रमोदिनी."

१४ नोव्हेंबर
खालापूरचं स्थळ — वकील. रविवारी बघायला येणार. मधूला सांगितलं. चेहरा पांढराफटक! म्हणाला, "आणखी एक चाचणी घेतो."
कसली, कपाळाची? रडले.

१८ नोव्हेंबर
पोट दुखतंय हसून!
पाहुणे ओसरीवर, मी पोहे घेऊन उभी. आईने चटणी वाटायला पाटा-वरवंटा परसातून उचलून आणलेला — तिला काय ठाऊक! मधूने भिंतीआडून लांब वात पेटवली. फुस्स्स! पाट मागच्या दारातून आत, माजघरातून थेट ओसरीवर! वकीलसाहेब खांबाला चढले. धोतराचा सोगा जळला. "आई गं!" — दिवसभरात एवढंच बोलले.
पाहुणे चटणी न चाखताच गेले. बाबा संतापाने थरथरत होते. मधू धावत आला, तोंड काळंकुट्ट. आता तरी विचारेल! माझा जीव कानात गोळा झाला.
"काका," तो म्हणाला, "जोर भरपूर आहे."
एवढंच!

१९ नोव्हेंबर
पौर्णिमा. दीपमाळ पेटली, सगळं कर्जत माना वर करून उभं. एकच बाण शिल्लक, आणि मधूच्या हातात नुसतीच जळणारी उदबत्ती. "वारा थोडा पडू दे..."
घेतली हिसकावून. लावली!
सरळ वर गेला. काय सुंदर गेला!

२० नोव्हेंबर
आज बाबांना मीच विचारलं. 'हो' म्हणाले.
मधूला अजून सांगितलेलं नाही.