पालथा कप

दि. ९, शुक्रवार, दुपार

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. उशांचे चार अभ्रे आणि बाजाराची एक पिशवी. टपालहशील कापडाच्या किमतीहून जास्त बसलंय, तिकिटं मोजली मी! पुढच्या वेळी इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दे. टाके मात्र असे, की उलट बाजू कुठली ते कळू नये. देवाच्या दयेने इकडे सगळे बरे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

आता एक नवल ऐक. प्रसूतीच्या दवाखान्यातून मला बोलावणं आलं. बाळंतपणानंतर ज्यांचं मन काळवंडतं, त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करायची सोय तिथे काढताहेत. ती कशी असावी हे ठरवायला त्यातून गेलेल्या चार बायका आणि एक घरचं माणूस हवं होतं. तुझ्या बाळंतपणाच्या वेळी आपल्या शेजारी राहणाऱ्या सिस्टर आता तिथे मुख्य आहेत, त्यांनी माझं नाव दिलं. आमचे हे म्हणाले, "मॅट्रिकच्या जोरावर डॉक्टरांना शिकवणार?" म्हटलं, "तुम्हाला इतकी वर्षं शिकवतेय, ते काय पदवीवर?"

तिथल्या बैठकीची रीत मला फार नवलाची वाटली. दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवतात, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर कारण न सांगता जाता यावं. आधीच्या एका बैठकीत एकीला खोदून खोदून विचारलं, ती बिचारी कितीतरी दिवस झोपली नाही, तेव्हापासून हे नियम. बसल्या वेळेचे पैसेही देतात. मी नको म्हणाले, तर सिस्टर म्हणाल्या, "बैठक घेणाऱ्या डॉक्टरीणबाई पगार घेतातच ना?" मुकाट्याने घेतले. आणि आज बोलायचं नसेल तर समोरचा कप पालथा घालायचा. मग कुणी काही विचारत नाही.

माझी पाळी आली. "माझी धाकटी बहीण," एवढंच बोलले, तोच सिस्टरनी हळूच थांबवलं. "तुम्ही इथे तिच्याबद्दल सांगताय, हे तिला ठाऊक आहे?"

मी घाईघाईने कप पालथा घातला. अगं, कपात चहा होता! डॉक्टरीणबाईंचे कागद भिजले, भरला कप वाया. चौघींतली एक बसवर कंडक्टर आहे, ती म्हणाली, "ताई, आधी प्यायचा, मग पालथा!" सगळ्या हसल्या. मीही.

मग ती स्वतःचं सांगू लागली. घरच्यांनी वेळेवर जेवू घातलं, टॉनिक दिलं. "पण खोलीची खिडकी लावून घेतली. मला रस्ता बघायचा होता. कुणी विचारलंच नाही."

घरी येऊन मागची खोली झाडायला घेतली. भिंतीकडे तोंड करून तू जिथे पडून असायचीस, तीच. तुझा लेक तेव्हा मांडीवरचा. तुझ्या त्या पडून राहण्याला आपण अशक्तपणा म्हणालो, अजून तसंच म्हणतो. मी जप केला, दिवा लावला, टॉनिकचा खर्चसुद्धा मांडून ठेवला. खिडकी मीच लावत होते. वारा लागू नये म्हणून. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणूनही, आता लिहितेच. आणि बघ, शेजारच्या सिस्टरना सगळं ठाऊक होतं.

तेव्हापासून तुझे अभ्रे येतात, तू येत नाहीस. का, ते मी विचारलं नाही. तुला तेव्हा काय हवं होतं, तेही नाही.

आज विचारते. काय हवं होतं गं तुला?

सांगितलंस तर ते माझ्यापाशी राहील. बैठकीत सांगू का, हे तू ठरव. स्वतः येऊन बोलायचं असेल तर दाराजवळची खुर्ची तुझी. नको असेल तर तुझं नावही तिथे काढणार नाही, सिस्टरना तसं सांगून आले आहे.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे. लिहावंसं वाटलं नाही तर कोरंच पाठव. कप पालथा आहे असं समजेन आणि पुन्हा विचारणार नाही. पण पाठव, उलट टपाली.

वाट पाहणारी,
तुझी ताई