लेकाचं विमान आणि आपली पटाची जोडी

बाबा, येत्या रविवारी तुमचा नातू त्याच्या पोरीला स्वतःच्या विमानात बसवून वर नेणार होता, आणि चार दिवसांपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. पेपर उघडतो, मिटतो. पिपरी मेघेच्या या घराच्या गच्चीवर जातो, वारा कोणीकडचा आहे ते पाहतो, पुन्हा खाली येतो. तुमची सून म्हणते, पायाले भिंगरी लावली काय. म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही गेलात तेव्हा तो तिसरीत होता. आता नागपुरात चांगल्या नोकरीवर आहे आणि हौस म्हणून विमान चालवतो. ज्यावर शिकला ते मी पाहिलं होतं. आपल्या नांगराच्या जोडीसारखं गरीब, सावकाश. इंजिन कमी केलं की आपसूक मंदावायचं, चुकलं तरी सावरायला वेळ द्यायचं. आता दोघा मित्रांसोबत त्यानं नवं घेतलं आहे. दोन माणसांचं, हलकं, अंग काचेसारखं गुळगुळीत, आणि पळायला जवळपास दुप्पट. समोर टीव्हीसारखा पडदा. फारच संकट आलं तर मूठ ओढायची, मग आख्खं विमान छत्रीला लटकून खाली येतं. त्यानं हौसेनं दाखवलं, मीही हौसेनं पाहिलं. कौतुक वाटलंच, खोटं कशाला बोलू.

मग घरी येऊन वाचत बसलो. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक; सातवीनंतर जे आलं ते रद्दीतल्या पुस्तकांतून आणि आता मोबाइलवरून. अडलेला शब्द नातीला फोन करून विचारायचा. वाचता वाचता कळलं ते असं, की ही गुळगुळीत विमानं वेग लवकर सोडत नाहीत. उतरताना माणूस जास्त वेगात येतो आणि धावपट्टी पुरत नाही. त्या भीतीनं आधीच वेग फार कमी केला, तर शेवटच्या वळणावर पंख हात टेकतात आणि विमान दगडासारखं पडतं. तिथं जमीन इतकी जवळ असते की छत्री उघडायलाही सवड नाही. विमान वाईट नाही, बाबा. माणूस नव्या विमानात बसतो, पण त्याचा हात जुन्यातच राहतो. त्यात हौशी माणूस, महिन्यातून एकदा-दोनदा चालवणारा.

मी फोन केला. नव्यावर शिकवणाऱ्याबरोबर किती वेळा बसलास, विचारलं. चार फेऱ्या मारल्या म्हणाला, परवाना तोच चालतो. मी रेटून विचारत राहिलो तसा हसला. "अप्पा, तुमचा तं कासरा तुटला होता. माह्या विमानात सारं नवंकोरं आहे, तुटाले काही नाई."

मी फोन ठेवून दिला.

आष्टीकडचा तो शंकरपट, पळायला उभ्या बैलजोड्या. मी बावीस-तेवीसचा, लग्न ठरलेला, होणाऱ्या सासऱ्याकडची माणसं बघायला आलेली. आपली पटाची जोडी तुम्ही कधी कोणाच्या हाती दिली नव्हती. त्या दिवशी मी हट्टच धरला. सात वर्षं बैल हाकून राह्यलो, मले काय शिकवता, असं सगळ्यांदेखत म्हणालो. तुम्ही चिडला नाहीत. मला पटाच्या शेवटच्या झेंडीपर्यंत पायी चालवत नेलंत, पुढची मोकळी जागा दाखवलीत आणि कासरा हातात देताना म्हणालात, "हे जोडी तू म्हणशील तवा थांबत नाई. झेंडी दिसली का हात आखडाले घेजो. झेंडी गेल्यावर उशीर होते."

छकडी सुटते. कानात नुसता वारा. झेंडी येते आणि जाते, मला कळतही नाही. मग मी काय करतो, तर होऽ म्हणतो. नांगराचे बैल होऽ म्हटलं की थांबायचे ना. मी होऽ म्हणून कासरा सैल धरून वाट पाहतो, बाबा. समोर माणसं बाजूला पळतात. तुम्ही तेवढे जोडीपुढे धावून येता, आणि चाक तुमच्या पायावरून जातं, तेव्हा कुठं जोडी थांबते.

लोक जमले तेव्हा मी म्हणालो, कासरा तुटला.

तो तुम्ही स्वतः वळलेला कासरा होता. तुम्ही खाली पडल्या पडल्या तो ओढून गोळा केलात, धोतराच्या ओच्यात घातलात आणि कोणालाही पाहू दिला नाहीत. म्हाताऱ्याले आता दोरही वळता येत नाई, असं एकजण तुमच्या तोंडावर बोलला. तुम्ही ऐकून घेतलंत. पुढं जन्मभर लंगडत चाललात, आणि घरात तीच गोष्ट चालत राहिली. माझ्या लेकानंही तीच ऐकली, आणि त्यातून तो एवढंच शिकला की सामान मजबूत असलं की माणूस सलामत.

काल त्याला पुन्हा फोन लावला. म्हणालो, "कासरा तुटला नव्हता रे. दोर धड होता. माह्या हाताले अक्कल नव्हती."

 त्यानं विचारलं, "आजोबांले माहीत होतं?"

होतं म्हणालो.

आज सकाळी त्याचा निरोप आला. रविवारी शिकवणाऱ्याला शेजारी बसवून फक्त उतरायचाच सराव करणार आहे, तो शिकवणारा पुरे म्हणेपर्यंत. पोर खाली थांबेल. ती माझ्यावर फुगली आहे, फोन घेत नाही. फुगू दे. पण रविवार अजून यायचा आहे आणि माझी गच्चीची ये-जा काही थांबली नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, ते मला कळतं. तुम्हाला सांगायला माझ्याजवळ एकवीस वर्षं होती; रोज तुमच्या पायाला तेल चोळून दिलं, पण बोललो नाही. आणि खरं सांगू, आता या क्षणी तुम्ही समोर बसून विचारलं असतं, तर मी बहुतेक पुन्हा कासराच तुटला म्हणालो असतो.