येडूचा अंगठा आणि बिनचूक इंग्रजी

सोलापूर,
गुरुवार

तीर्थस्वरूप नंदीशअण्णांना ईरप्पाचे शरणार्थ.

वहिनींचा गुडघा आता वळतो ना? इकडं तुमची बहीण दानेश्वरी खुशाल आहे. तीन दिवस माझ्याशी बोलत नाही, एवढंच. तुम्ही बार्शीत शाळेत इंग्रजी शिकवता, म्हणून न्याय तुम्हीच करा.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाच्या बाई तपासणीला येणार होत्या. मॅनेजरनं बोलायला मला निवडलं, कारण एकावन्नाव्या वर्षी मी इंग्रजीच्या क्लासला जातो (पोरं मला 'अंकल' म्हणतात, मास्तरीणबाईसुद्धा). त्यानं वाक्य पाठ करून घेतलं, 'हिअर नो अ‍ॅक्सिडेंट हॅपन.' म्हणजे इथं अपघात होत नाहीत. ते मी क्लासच्या नाजनीन मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अंकल, ये तो गलत है. होऊन गेलेल्या गोष्टीला भूतकाळच लावायचा." 'थंब' नव्हे, 'थम' म्हणायचं, शेवटचा बी गप्प बसतो, हेही त्यांनीच शिकवलं (आमच्या खात्यात असे बी पुष्कळ आहेत).

सोमवारी बाईंनी विचारलं, इथं कुणाला कधी इजा झाली का? मॅनेजरनं डोळे वटारले. पण अण्णा, चुकीचं वाक्य तोंडातून निघेना. दुरुस्त करायला गेलो आणि निघालं, 'येडू लॉस्ट हिज थम. इन मार्च.' मार्चमध्ये आमच्या खात्यातल्या येडूचा अंगठा यंत्रमागात गेला, तेवढंच. भूतकाळ बरोबर, 'थम'ही बरोबर. बाई म्हणाल्या, त्याला दाखवा. त्याला गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्यांमागं बसवून ठेवला होता. आम्हाला बघून त्यानं उजवा हात पाठीमागं लपवला. मग हळूच पुढं केला. बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

संध्याकाळी मॅनेजर म्हणाला, "ईरप्पा, उद्यापासून येऊ नगंस. लई इंग्रजी झालं तुझं." येडूलाही काढलं. फाटकापाशी तो म्हणाला, "काका, मला इचारायचं तरी की."

तुमचा,
ईरप्पा

ता.क. बाई जाताना ईमेलचा पत्ता देऊन गेल्यात. मला नको, पण येडूला बसून करायच्या कामावर परत घ्यायला लावा, असं त्यांना लिहायचंय. मजकूर सोबत आहे. चुका दुरुस्त करा. अंगठ्याचं वाक्य मात्र तसंच ठेवा, ते मी आठ दिवस घोकलं होतं.

ता.क. दुसरं. हे दानेश्वरीला सांगू नका. तिला वाटतंय, माझी जीभ घसरली.