डॉक्टरांच्या गाडीचं चेंबर

आबा, तुमची सून तुमचा खाकी शर्ट घालून गॅरेजमध्ये काम करते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मागच्या बाजूला खोचलेलं फडकं, सगळं तुमच्यासारखं. तुम्ही गेल्यावर तुमचे कपडे वाटून टाकले, असं आईनं मला सांगितलं होतं. वाटलेही असतील, पण हा शर्ट कुणाच्या वाट्याला गेला ते तिनं सांगितलं नाही. परवा गाडी घेऊन वसमतला गेले, तर लांबून तो शर्ट पाठमोरा दिसला आणि माझा पाय ब्रेकवरून उठेना. मग शर्ट वळला, तर आत ती. "अक्का, या की, उन्हात काहून थांबल्या?" म्हणाली. माझ्या पोटात असं काही पेटलं की मला हसताही येईना. याला जळणं म्हणतात, हे मला चांगलं कळतं. उगाच दुसरं नाव कशाला देऊ?

गाडी तुमच्या ओळखीची आहे. दवाखानेवाल्या डॉक्टरांची, बिनक्लचची. तिच्या गिअरबॉक्सला हात लावणारे आपल्या भागात तुम्ही एकटेच होता, बाकीचे तिला बघूनच नांदेडचा रस्ता दाखवायचे. डॉक्टर वारल्यावर ती त्यांच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. तुमच्या जावयाचा डावा गुडघा अपघातात कामातून गेला, क्लच दाबणं जमेना, म्हणून आम्ही ती घेतली. मी मात्र वेगळ्याच कारणासाठी हट्ट धरला होता. तिच्या पोटातलं लाल ऑइल आणि फिल्टर शेवटचं तुम्ही बदललं होतं, त्यानंतर तिथे कुणाचाच हात लागला नव्हता. तुम्ही बंद केलेली एक तरी गोष्ट या जगात अजून जशीच्या तशी बंद होती. आता ती रिव्हर्सला टाकली की जरा विचार करून मग मागे जाते, दुसरा गिअर पडताना हिसका देते. नवरा म्हणाला, ऑइल जळालं असेल. मला तर बरंच वाटलं. गिअरबॉक्सच्या तळाचं चेंबर, म्हणजे ऑइलचं भांडं, उघडायला निमित्त मिळालं.

लहानपणी मी तुमचा डबा घेऊन यायचे आणि रिकाम्या पिंपावर बसून राहायचे. तुम्ही डब्याकडे बघायचा नाहीत, मीही घरी जायचे नाही. एकदा तुम्ही जीपच्या खाली होता आणि वर फडक्यावर बोल्ट पडले होते. मी ते जसे निघाले तसेच ओळीनं लावून ठेवले, एकही इकडचा तिकडे नाही. तुम्ही बाहेर आलात, बघितलंत. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही म्हणालात, "लेकराचं काम न्हाई हे. घरी जा, मायला भाकऱ्या करू लाग." त्या बोल्टांना मात्र तुम्ही हात लावला नाहीत, त्याच ओळीतून एकेक उचलून बसवलात. मी कोपऱ्यावरून वळून बघितलं होतं, म्हणून मला माहीत आहे. लग्नात तुम्ही मला शिलाई मशीन दिलीत आणि तिच्यात तेल कसं सोडायचं तेवढं समजावलंत. "वतायचं न्हाई, थेंब द्यायचा." तुमची एवढीच विद्या माझ्याकडे आली. पुढे मी एसटीत कंडक्टर झाले, ते का झाले याचा विचार तुम्ही कधी केलात का? गिअरजवळ बसायला मिळेल अशी तेवढीच जागा बाईला मोकळी होती.

आणि मग कुठल्याशा दिवाळीला भाऊ हसत हसत सांगतो, की आबा आजकाल हिला गॅरेजला नेऊन राहिले. तो स्वतः हळदीचा टेम्पो चालवतो, त्याला पान्याची कधी आवड नव्हती, त्याचं मला काही नाही. पण ती? परक्या घरातून आलेली, तुम्हाला मामा म्हणणारी, जिला स्टेपनी म्हणजे काय ते लग्नानंतर कळलं! तिला तुम्ही गाडीखालच्या खड्ड्यात उतरवलंत, आणि मला भाकऱ्यांना धाडलंत. त्या दिवाळीत मला करंजीसुद्धा गोड लागली नाही.

तर परवा. गाडी खड्ड्यावर घेतली, ऑइल पातळ व्हावं म्हणून तिनं इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं आणि बंद केलं. ती पाना घेऊन उतरायला लागली तशी मी तिला थांबवलं. तुमच्या गॅरेजचा नियम मी पिंपावर बसूनच शिकले आहे. चेंबर ज्यानं बंद केलं त्यानंच पुढच्या खेपेला उघडायचं, म्हणजे खोट निघाली तर ज्याची त्याच्या पदरात. मी म्हटलं, "हे आबांनी बंद केलेलं आहे. ते नाहीत, तर त्यांची लेक उघडेल." तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. पाना माझ्या हातात दिला आणि साडीवर घातलेला तुमचा शर्ट काढून तोही पुढे केला, "साडी खराब व्हईन." मी शर्ट घेतला नाही. मनातून हवा असूनही घेतला नाही, हे तुम्हाला खरं वाटेल का?

मी खड्ड्यात उतरते. खाली पसरट घमेलं ठेवलेलं. एका बाजूचे बोल्ट सैल करते, मग शेजारचे, चेंबर एका अंगाला कलतं आणि ऑइलची धार लागते. लाल कसलं, करपलेल्या गुळाच्या रंगाचं, वासही तसाच. मी श्वास भरून घेते. चेंबर खाली येतं. तळाच्या चुंबकावर राखेसारखा बारीक चिखल, लोखंडाचा चुरा नाही, म्हणजे बॉक्स अजून शाबूत आहे. हे सगळं मला कळतं आहे आणि मी आनंदानं वेडी व्हायची बाकी आहे. मग कडेचं पॅकिंग दिसतं, ऑइल गळू नये म्हणून मध्ये घालतात ते. त्याच्या भोकांतून दोरा ओवून ते चेंबरला जागोजागी बांधलेलं, लाल शिवणाचा दोरा, काळा पडलेला. मी वर बघून म्हणते, "बघ, आबांचं काम! निसटू नये म्हणून दोऱ्यानं बांधलंय."

ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती. म्हणाली, "अक्का, मामा ग्रीसनं चिटकवायचे पॅकिंग. दोरा माझा हाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"हे मी बंद केल्यालं. मामा वर बसून सांगायचे, मी लावायची. त्यायचा हात लटलट कापायचा ना शेवटी. बोल्टबी धरू देईना. अशी दोन-तीन वर्सं काढली आमी."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"मामाच म्हणले, अक्काला कळू देऊ नको. ती जिवाला लावून घिईन." मग म्हणाली, "मघाशी सांगणार व्हते. पण तुमाला उघडायचंच व्हतं, म्हून म्हनलं उघडू द्या."

नियमानं ते चेंबर उघडायचा मान तिचा होता, आणि तो तिनं मला देऊन टाकला होता. यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढचं तिनंच केलं. मी बाजूला झाले. तिनं जुना फिल्टर काढला, त्याची रबरी रिंग वरच अडकून बसली होती ती नखानं उकरून काढली, नवा बसवला, चेंबर पुसून लख्ख केलं, पॅकिंगला नवा दोरा ओवला आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. जेवढं निघालं तेवढंच ऑइल मोजून भरलं. सगळं एकदम बदललं तर जुना बॉक्स रुसतो, काही दिवसांनी पुन्हा या, म्हणाली. मग मला गाडीत बसवून, ब्रेकवर पाय ठेवून एकेक गिअर टाकायला लावला आणि इंजिन चालूच ठेवून मापाच्या पट्टीवर ऑइल किती ते बघितलं. पट्टी पुसताना तिनं मान तिरकी केली. तुमचीच तिरकी मान. तीही तिच्याकडेच!

आबा, त्या वर्षांत माझी बस दिवसातून कितीदा तुमच्या गॅरेजसमोरून जायची. मी दारातून हात करायचे आणि तुम्ही हात मागे बांधून नुसती मान हलवायचा. मला वाटायचं, लोकांदेखत लेकीला हात करायला लाजतात. तुम्ही हात लपवत होता. सुनेला काय, ती घरात होती, तिला दिसलंच असेल, त्यात तिचा काय दोष? पण मी विद्येवरून जळत होते तोवर ठीक होतं. विद्या काय, कुणालाही देता येते. तुमचा कापणारा हात तिनं धरला, चहाची बशी तिनं ओठाला लावली असेल, आणि मला तुम्ही धडधाकट बाप दाखवत राहिलात. मी हट्टा गावात राहत होते, एका तिकिटाच्या अंतरावर. माझे हात तेव्हाही स्थिर होते, धावत्या बसमध्ये उभ्यानं तिकिटं फाडणारे हात. तुम्ही एकदा हाक मारायला हवी होती.

गाडी आता छान चालते. हिसका गेला, मागे जातानाही विचार करत नाही. नवरा तुमच्या सुनेचं कौतुक करतो आणि मी होला हो म्हणते. हे लिहून झालं की चुलीत घालीन, तुमच्यापर्यंत पोहोचवायची दुसरी सोय नाही आणि आईच्या हाती लागायला नको. फक्त एक सांगते, तुम्हालाच सांगता येण्यासारखं आहे. रोज सकाळी मी गाडीखाली वाकून बघते. रात्री तिथं एक पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवते, तिनं बंद केलेल्या चेंबरमधून एक तरी लाल थेंब गळावा म्हणून. अजून एकही पडलेला नाही.