माहीमरातब

ठाणे,
१८ नोव्हेंबर १९५६

प्रिय श्रीपाद,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. शीलाच्या लग्नपत्रिकेवर आपल्या घराण्याच्या नावाआधी ‘माहीमरातब’ छापायचं आहे आणि व्याह्यांनी अर्थ विचारला तर सांगता यावा म्हणून तुला चार ओळी हव्या आहेत. थोरली बहीण शाळेत इतिहास शिकवते याची इतक्या वर्षांत तुला पहिल्यांदा आठवण झाली, बरं वाटलं.

तर अर्थ असा. माही म्हणजे मासा, मरातब म्हणजे मान. दिल्लीचा बादशहा एखाद्या बड्या सरदारावर खूश झाला की त्याला काठीवर लावलेला सोनेरी मुलाम्याचा मासा द्यायचा. सरदाराची स्वारी निघाली की तो हत्तीवरून पुढे चालायचा. डोकं तेवढं धातूचं, मागचं अंग कापडाचं. वारा शिरला की मासा टम्म फुगायचा, वारा पडला की लोंबायचा. हा मान फार थोड्यांना मिळाला. आपले खापरपणजोबा त्यांत नव्हते. ते हत्तीवर बसून ती काठी धरायचे. अण्णांना हे ठाऊक होतं. आपल्या घरी राहिलेला तो मासा दिवाळीत चिंचेने घासताना एकदा आईला म्हणाले होते, धरणारा काय आणि मिरवणारा काय, विचारतंय कोण. व्याह्यांना यातलं किती सांगायचं ते तू बघ.

मला या शब्दाचा अर्थापेक्षा वापर जास्त माहीत आहे. कल्याणच्या कोळीवाड्यातला गोपीनाथ तुला आठवत असेल. त्याने तुझं गणित घेतलं नसतं तर तू मॅट्रिकला गटांगळ्या खाल्ल्या असत्यास. मी त्याच्याशी लग्न करीन म्हटलं तेव्हा अण्णांनी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, त्यांचा मासा टोपलीत असतो, आपला निशाणावर. त्याच दुपारी त्याच्या आईकडून घेतलेल्या बोंबलांवर तुम्ही सगळ्यांनी ताव मारलात. मी पानावर बसले नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गोपीनाथने पुढे लग्न केलं, त्याचं बरं चाललं आहे. मी इथे मुलींच्या वह्या तपासते. अण्णा गेले तेव्हा मला रडू आलं नाही, श्रीपाद, आणि त्याची लाजही वाटली नाही.

वाटलं होतं, हा मान त्यांच्याबरोबर जाईल. पण तू तो मासा डोंबिवलीच्या नव्या घरी नेऊन बाहेरच्या खोलीत टांगलास. शीलाने उत्तमचं नाव काढलं तेव्हा तिला त्याच माशाखाली उभं करून घराणं समजावलंस. मुलगा खडवलीचा, रेल्वेत तारमास्तर, वागायला सरळ. तो भेटायला आला तर तू त्याला बसही म्हणाला नाहीस, आणि घाईघाईने दुसरीकडे सोयरीक जुळवून मोकळा झालास. पोरगी दर रविवारी माझ्याकडे येऊन रडायची आणि घरी सांगायची की आत्याकडे भरतकाम शिकते. तुम्हा नवराबायकोला ते भरतकाम एकदाही बघावंसं वाटलं नाही, याचं मला नवल वाटायचं.

तुला वाटतं आहे, ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली आहे. परवा शुक्रवारी ठाण्यात तिचं आणि उत्तमचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. तिला एकवीस पुरी झाली आहेत, तुझी परवानगी लागली नाही. साक्षीदारांत पहिली सही माझी आहे, तेव्हा शिव्या द्यायच्या त्या मला दे. दोघं कालच खडवलीला गेली. तुला कळवायचं काम मीच मागून घेतलं, आणि खरं सांगायचं तर लिहायला बसले तेव्हा मला मजा वाटत होती. आता वाटत नाही. कागदावर वडिलांचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा शीलाचा हात थांबला. मला वाटलं, नुसतं आद्याक्षर लिहून सोडून देईल. तिने तुझं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. मला अण्णांचं नाव तसं लिहिता आलं नसतं.

तुझीच,
प्रमोदिनीताई